पफिन पक्षी : त्याची नावे व त्याचा जीवनक्रम

इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या मराठी मुलांना 'पफिन' हा शब्द बहुधा प्रथम भेटतो तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. पेंग्विन या इंग्रज प्रकाशनसंस्थेने १९४० मध्ये मुलांसाठी एक स्वतंत्र ग्रंथमाला काढली, तेव्हा तिला 'पफिन' असे नाव दिले आणि त्या नावाच्या पक्ष्याची आकृती तिचे चिन्ह म्हणून योजिली. पेंग्विन आणि पफिन ही दोन नावे अशा रीतीने आपल्याकडे ग्रंथांच्या द्वारे आली. पक्षी मात्र आले नाहीत. पफिन हा उत्तर गोलार्धातील थंड समुद्रांचा रहिवासी आहे. हिंदी महासागराशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे मराठीत त्याला स्वतःचे नाव नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही.

ज्या भाषांच्या किनाऱ्यांवर हा पक्षी प्रत्यक्ष येतो, त्या भाषांनी मात्र त्याला पुष्कळ नावे दिली आहेत. ही नावे एकत्र ठेवून पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. जवळजवळ सर्व नावे या पक्ष्याच्या आयुष्याच्या एकाच भागातून, म्हणजे विणीच्या चार महिन्यांतून, निघालेली आहेत. उरलेले आठ महिने तो उघड्या समुद्रावर काढतो, आणि त्या आठ महिन्यांविषयी ही नावे काहीच सांगत नाहीत. पक्ष्याचे जगणे-मरणे मात्र पुष्कळ अंशी समुद्रावरच अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात पफिनचा जीवनक्रम प्रथम त्याच्या नावांच्या आधारे, आणि नावे जेथे अपुरी पडतात तेथे अलीकडील संशोधनाच्या आधारे, मांडला आहे.

पक्ष्याची ओळख

पफिन हा 'ऑक' नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या कुलात मोडतो. त्याच्या प्रजातीत तीन जाती असून त्यांपैकी दोन पॅसिफिक महासागराच्या उत्तर भागात व एक अटलांटिकच्या उत्तर भागात राहते. येथे विचार करावयाचा आहे तो अटलांटिक जातीचा. तिचे शास्त्रीय नाव 'फ्रातेर्कुला आर्क्टिका' असे आहे. या पक्ष्याची लांबी २५ ते ३० सेंटिमीटर व वजन सुमारे अर्धा किलोग्रॅम असते. म्हणजे आकाराने तो आपल्या कबुतराहून फारसा मोठा नाही. पाठ काळी, पोट पांढरे, गाल फिकट करडे व पाय नारिंगी. चोच उभट, दोन्ही बाजूंनी चपटी, आणि विणीच्या काळात तांबड्या, पिवळ्या व निळसर करड्या पट्ट्यांनी रंगलेली. जमिनीवर तो ताठ उभा राहतो व डुलत डुलत चालतो. नर व मादी दिसावयास सारखीच असतात. नर किंचित थोराड असतो, एवढाच काय तो भेद.

त्याचे पंख अंगाच्या मानाने आखूड असतात. याचे कारण असे की, त्याला एकाच पंखांनी दोन निरनिराळ्या माध्यमांतून मार्ग काढावा लागतो. पाण्याखाली तो पाय वल्ह्यांसारखे मारीत नाही, तर पंख हालवून अक्षरशः उडतो. पाय केवळ सुकाणूचे काम करतात. पाण्यात मोठा पंख अडचणीचा होतो, आणि हवेत लहान पंख अपुरा पडतो. या दोहोंतील तडजोड म्हणजे पफिनचा पंख. हवेत तरंगत राहणे त्याला साधत नाही. मिनिटाला सुमारे ४०० वेळा पंख मारून तो ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. पाण्यात तो ६० मीटरपर्यंत खोल गेल्याच्या नोंदी आहेत; तथापि त्याच्या नेहमीच्या बुड्या याहून पुष्कळ उथळ व अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरच्या असतात.

अमेरिकेच्या मेन राज्यापासून न्यूफाउंडलंड, ग्रीनलंड, आइसलँड, फेरो बेटे, ब्रिटिश बेटे व नॉर्वे या मार्गाने रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटांपर्यंत त्याच्या विणीच्या वसाहती पसरलेल्या आहेत. दक्षिणेस फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतापर्यंत तो येतो. एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक पक्षी एकट्या आइसलँडमध्ये वीण करतात.

नाव एकाचे, पक्षी दुसरा

'पफिन' हे इंग्रजी नाव मुळात या पक्ष्याचे नव्हेच. चौदाव्या शतकापासूनच्या कागदपत्रांत हा शब्द आढळतो, आणि तेथे तो 'मँक्स शिअरवॉटर' या अगदी निराळ्या कुलातील समुद्रपक्ष्याच्या पिल्लाला उद्देशून वापरलेला आहे. या पक्ष्याचे पिल्लू बिळात वाढते आणि घरटे सोडण्यापूर्वी चरबीने इतके भरते की, त्याचे वजन आईबापांहूनही अधिक होते. अशी पिल्ले बिळांतून काढून, खारवून, पिंपांत भरून विकली जात. नैऋत्य इंग्लंडजवळील सिली बेटांचा खंड त्या काळी पफिनांच्या रूपाने ठरविला होता. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे. परंतु हा पक्षी समुद्राचा आणि चवीला माशासारखा, सबब त्याला मासाच समजावे, अशी सोयही लोकांनी करून घेतली होती.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहे. फुगणे, फुलणे या अर्थाच्या 'पफ' या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. मराठीतील 'फुगणे', 'फुगीर', 'फुगा' या शब्दांशी त्याचे दिसणारे साम्य हे रक्ताचे नाते नव्हे. गाल फुगवून हवा सोडताना जो ध्वनी होतो, त्याच्या अनुकरणातून दोन्हीकडे स्वतंत्रपणे असे शब्द तयार होतात. सर्वांत जुन्या नोंदी कॉर्नवॉलच्या परिसरातल्या असल्यामुळे मूळ शब्द तेथील केल्टिक भाषेचा असावा, असेही एक मत आहे.

पिल्लाचे नाव दुसऱ्या पक्ष्याला कसे लागले, हे समजण्यास कठीण नाही. दोन्ही पक्षी एकाच प्रकारच्या बेटांवर, एकाच प्रकारच्या बिळांत राहतात. पिंपातील खारविलेला पक्षी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला चोचीचे व पिसांचे काय? पुढे नाव रंगीत चोचीच्या पक्ष्याकडे कायमचे गेले. शास्त्रीय परिभाषेत मात्र जुना हक्क शाबूत राहिला आहे. मँक्स शिअरवॉटरचे शास्त्रीय नाव आजही 'पफिनस पफिनस' असेच आहे, आणि खऱ्या पफिनच्या शास्त्रीय नावात 'पफिन' या शब्दाचा मागमूसही नाही.

पेंग्विन या शब्दाची कथा याच जातीची, परंतु अधिक दुःखद आहे. सोळाव्या शतकात न्यूफाउंडलंडकडे जाणारे खलाशी 'पेंग्विन' म्हणत ते उत्तर अटलांटिकमधील एका मोठ्या, न उडणाऱ्या ऑक पक्ष्याला. तो पफिनचाच सगोत्र होता. पाण्याखाली पोहण्यासाठी त्याचे पंख इतके आखूड झाले होते की, त्याने उडणे कायमचे सोडले होते. हेच खलाशी दक्षिण समुद्रात गेले, तेव्हा तेथील दिसावयास तशाच पण नात्याने दूरच्या पक्ष्यांना त्यांनी तेच नाव दिले. पुढे मांस, पिसे व तेल यांसाठी मूळ पक्ष्याची एवढी हत्या झाली की, १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डे या खडकावर त्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. नाव उरले व सर्व जगभर पसरले. नावाचा मूळ धनी नाहीसा झाला.

चोच व वेष

पफिनची युरोपातील बाकीची नावे पाहू गेल्यास ती मुख्यतः दोन गटांत पडतात. पहिला गट चोचीवरून पडलेल्या नावांचा. पोर्तुगीज लोक त्याला 'समुद्राचा पोपट' म्हणतात, जर्मन व डच लोक 'बुड्या मारणारा पोपट' म्हणतात, आणि इंग्रजीतही 'समुद्री पोपट' हे नाव खलाशांच्या तोंडी होते. रशियन नाव 'तूपिक' हे बोथट या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. तेथे लक्ष रंगाकडे नसून चोचीच्या आकाराकडे आहे.

दुसरा गट वेषावरून पडलेल्या नावांचा. काळा झगा व पांढरी छाती पाहून लोकांना ख्रिस्ती मठातील जोगी आठवला. शास्त्रीय नावातील 'फ्रातेर्कुला' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'धाकटा मठबंधू' असा आहे. 'आर्क्टिका' म्हणजे 'उत्तरेचा'. स्पॅनिश भाषेतील त्याचे नाव 'छोटा जोगी' या अर्थाचेच आहे, फ्रेंच नावातही 'मठवासी' हा शब्द आहे, आणि आइसलँडमध्ये त्याला थट्टेने चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची पदवी दिली जाते. इटालियन लोकांना मात्र त्यात जोगी न दिसता त्यांच्या नाटकांतला पुल्चिनेल्ला हा विदूषक दिसला. एकाच वेषात एकाला धर्मगुरू व दुसऱ्याला विदूषक दिसावा, यात पक्ष्याचा दोष नाही. माणसाच्या व्यवसायावरून पक्ष्याला नाव देण्याची ही रीत मराठीसही परकी नाही. शिंपी, धोबी, कोतवाल ही आपल्याकडील पक्ष्यांची नावे याच रीतीने पडली आहेत. फरक एवढाच की, शिंप्याचे नाव त्याच्या पाने शिवण्याच्या कामावरून पडले. पफिनचे नाव केवळ त्याच्या पोशाखावरून पडले, त्याच्या कामावरून नव्हे.

आणि हा पोशाखही बारमाही नाही. चोचीवरील रंगीत भाग म्हणजे शिंगासारख्या पदार्थाची पातळ पाती होत. वीण संपल्यावर ती एकामागून एक गळून पडतात. खाली उरते ती लहान, मळकट व अरुंद चोच. डोळ्यांभोवतीची शोभाही जाते, गालांचा करडा रंग काळवंडतो. चोचीच्या या वार्षिक निर्मोचनाचे व्यवस्थित वर्णन लुई ब्यूरो या फ्रेंच वैद्याने १८७७ मध्ये केले. तोपर्यंत हिवाळी पफिन पाहणारे फार थोडे होते. वादळानंतर किनाऱ्याला लागलेली मृत पाखरे एवढाच पुरावा हाती असे. 'पोपट' हे नाव म्हणूनच वर्षाच्या एका भागापुरतेच खरे आहे. शिवाय माणसाच्या डोळ्याला जो रंग दिसतो तोच सर्व रंग, असेही समजण्याचे कारण नाही. अतिनील प्रकाशात धरल्यास या चोचीचे पिवळे भाग चमकू लागतात, असे २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये आढळून आले.

बीळ, जोडी व पिल्लू

मार्च-एप्रिलच्या सुमारास पफिन वसाहतीपाशी परततात. प्रथम ते काही दिवस बेटाजवळच्या पाण्यावर थव्याने तरंगत राहतात आणि मग जमिनीवर उतरतात. गवताळ उतारांवरील मऊ मातीत चोचीने उकरून व पायांनी माती मागे फेकून ते बीळ खणतात. ते साधारणतः माणसाच्या हाताएवढे, कधी त्याहून अधिक लांब असते. सशांनी सोडलेली बिळेही ते वापरतात. बिळाच्या टोकाशी गवत व पिसे यांचे साधे अंथरूण असते. जोडी बहुधा वर्षानुवर्षे तीच राहते व बीळही तेच. हिवाळाभर एकमेकांपासून दूर राहिलेले नर-मादी पुन्हा भेटतात तेव्हा चोचीवर चोच आपटून एकमेकांची ओळख नवी करून घेतात. समुद्रावर हा पक्षी जवळजवळ मुका असतो. बिळातून मात्र त्याची खोल, गुरगुरणारी हाक ऐकू येते.

मादी वर्षाला एकच अंडे घालते. ते दोघेही आळीपाळीने सुमारे सहा आठवडे उबवितात. पुढे तितकाच काळ पिल्लू बिळाच्या अंधारात वाढते. या काळात आईबापांची सारखी ये-जा चालू असते. सँड ईल नावाचे वाळूत दडणारे बोटभर लांबीचे मासे, तसेच हेरिंग, स्प्रॅट व कॅपेलिन यांची लहान पिल्ले हे पफिनच्या पिल्लाचे मुख्य अन्न होय. येथे चोचीचे खरे कार्य दिसून येते. पफिनची जीभ खरखरीत असते व टाळूवर मागे वळलेले बारीक काटे असतात. पकडलेला मासा जिभेने टाळूवर दाबून धरिला की, पुढचा मासा पकडण्यासाठी चोच उघडता येते आणि आधीचा निसटत नाही. एका खेपेस दहाएक मासे आणणे ही नित्याची गोष्ट आहे. एका पक्ष्याच्या चोचीत ६२ मासे मोजल्याची नोंद आहे. वाटेत कुरव व स्कुआ हे पक्षी ही शिदोरी लुबाडण्यास टपलेले असतात, आणि मोठे काळ्या पाठीचे कुरव तर पफिनलाच मारून खातात. म्हणून पफिन एकेकटे न उतरता वसाहतीवर मोठे वर्तुळ धरून घिरट्या घालतात. त्या गर्दीत एकावर नेम धरणे शत्रूला अवघड जाते.

पूर्ण वाढलेले पिल्लू एके रात्री एकटेच बिळाबाहेर येते आणि समुद्राकडे उडते. आईबाप त्याच्याबरोबर जात नाहीत. अंधारात ते समुद्रावरील क्षीण उजेडाच्या आधाराने दिशा धरीत असावे. याचा पुरावा आइसलँडच्या दक्षिणेकडील वेस्टमन बेटांवर दरवर्षी मिळतो. तेथील हेइमाए बेटावर गाव व वसाहत जवळजवळ आहेत. ऑगस्टच्या उत्तरार्धात गावातील दिव्यांनी फसलेली पिल्ले रस्त्यांवर, अंगणांत, धक्क्यावर उतरतात. गावची मुले पुठ्ठ्याची खोकी घेऊन रात्री त्यांना गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर नेऊन समुद्राच्या दिशेने उडवून देतात. या पिल्लाला आइसलँडी भाषेत 'पिस्या' असे स्वतंत्र नाव आहे.

याच बेटांवर प्रौढ पफिन लांब दांडीच्या जाळीने हवेतल्या हवेत धरून खाण्याची पद्धतही जुनी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. नॉर्वेच्या वेरॉय बेटावर तर बिळांतून पफिन ओढून काढण्यासाठी कुत्र्यांची एक खास जात पाळली जात असे. तिच्या प्रत्येक पायाला सहा बोटे असतात व मान मागे पाठीपर्यंत वाकते. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या सेंट किल्डा बेटावरील लोक १९३० मध्ये ते बेट सोडून जाईपर्यंत पफिनचे मांस खात व पिसे विकत असत. ज्यांनी नावे दिली, त्यांनी पक्षी केवळ पाहिला नव्हता. त्यावर त्यांचा संसार चालत होता.

समुद्रावरील आठ महिने

ऑगस्टमध्ये वसाहती एकाएकी ओस पडतात, आणि येथेच नावांची मदत संपते. पफिन कोठे जातो, हे किनाऱ्यावरील माणसाला दिसत नव्हते. पायात कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांपैकी थोडे पुढे कोठे तरी मृत सापडत, त्यावरून अंदाज बांधावा लागे. या शतकाच्या आरंभी प्रकाश मोजणारी, एक-दोन ग्रॅम वजनाची यंत्रे पक्ष्याच्या पायाला बसविणे शक्य झाले. यंत्र दररोजच्या सूर्योदयाची व सूर्यास्ताची वेळ टिपून ठेवते. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश व मध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश काढता येतात. पुढील वर्षी तोच पक्षी त्याच बिळात परतला म्हणजे यंत्र काढून घ्यावयाचे व सारा प्रवास वाचावयाचा, अशी ही रीत आहे. बिळाविषयीची पफिनची निष्ठा अशा प्रकारे संशोधकांच्या कामी आली.

वेल्सजवळच्या स्कोमर बेटावरील पक्ष्यांचा या रीतीने केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की, एकाच वसाहतीतील पफिन एका ठरीव हिवाळी प्रदेशात जात नाहीत. कोणी ग्रीनलंडच्या बाजूस जातो, कोणी भूमध्य समुद्राच्या दिशेस वळतो. परंतु प्रत्येक पक्षी स्वतःचा मार्ग मात्र पुढील वर्षी पुष्कळ अंशी तसाच गिरवितो. म्हणजे मार्ग सर्वांस समान अशा जन्मजात प्रेरणेने ठरलेला नाही, कारण तसे असते तर तो सारखा असता. तो आईबापांनी शिकविलेलाही नाही, कारण पिल्लू रात्री एकटेच निघते. तारुण्यातील भटकंतीत प्रत्येक पक्षी आपल्यापुरता मार्ग शोधून काढतो व पुढे तोच धरून ठेवतो, असा संशोधकांचा तर्क आहे. पफिन सामान्यतः चार-पाच वर्षांचा झाल्यावर प्रथम वीण करतो. त्यापूर्वीची वर्षे या शोधासाठी पुरेशी आहेत.

याच हिवाळी काळात त्याच्या पंखांतील उडण्याची पिसे एकदम गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्याला उडता येत नाही. त्या दिवसांत लागोपाठ वादळे आली व मासे मिळेनासे झाले, तर तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. किनाऱ्यावर मृत पफिनांचे ढीग लागतात ते बहुधा अशा हिवाळ्यांनंतरच.

संख्येचा ऱ्हास

पफिन दीर्घायुषी आहे. तीस वर्षांहून अधिक जगलेल्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला हे दीर्घायुष्य आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे एक फसवणूकही होते. पिल्ले वर्षानुवर्षे मेली तरी प्रौढ पक्षी दर वसंतात परत येत राहतात आणि बेट गजबजलेले दिसते. ऱ्हास दिसू लागतो तो म्हाताऱ्या पिढीच्या जागी तरुण पिढी न आल्यावर, म्हणजे पुष्कळ उशिरा.

नॉर्वेच्या र्‍योस्ट बेटांवर नेमके असेच घडले. तेथील पिल्ले प्रवाहाबरोबर उत्तरेस वाहत येणाऱ्या हेरिंगच्या बारीक पिल्लांवर वाढत. अतिरेकी मासेमारीमुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस हेरिंगचा साठा कोसळला, आणि पुढे बहुतेक सर्व हंगामांत पफिनची पिल्ले बिळांतच उपासमारीने मेली. दहा लाखांहून अधिक जोड्यांची ती वसाहत त्यानंतरच्या दशकांत कितीतरी पटींनी आटली. वेस्टमन बेटांवर २००५ च्या सुमारास सँड ईल दुर्मिळ झाले व काही हंगामांत जवळजवळ एकही पिल्लू वाढले नाही. पुढे काही हंगाम बरे गेले. समुद्राचे पाणी तापत गेल्याने या माशांच्या वाढीचा काळ व ठिकाणे बदलतात, आणि बिळाशी बांधलेल्या पक्ष्याला माशांच्या मागे दूरवर जाता येत नाही. जागतिक निसर्गसंरक्षण संघाने २०१५ मध्ये पफिनचा समावेश संकटाच्या छायेतील जातींत केला. ब्रिटनने २०२४ मध्ये उत्तर समुद्रातील इंग्लंडच्या व स्कॉटलंडच्या पाण्यात सँड ईलची मासेमारी बंद केली, तिच्यामागे समुद्रपक्ष्यांच्या अन्नाचा विचार होता.

नावाचे बेट

उत्तरेकडील भाषांत पफिनचे सर्वांत जुने नाव 'लुन्दी' हे आहे. आइसलँडी व फेरोई भाषांत ते तसेच आहे. नॉर्वेजियन, डॅनिश, स्वीडिश व फिनिश भाषांत त्याचीच रूपे आढळतात. वेरॉयच्या कुत्र्याचे 'लुन्देहुन्द' हे नाव, म्हणजे 'पफिनकुत्रा', त्याच शब्दावरून आले. 'एय' म्हणजे बेट. 'लुन्देय' म्हणजे पफिनांचे बेट. आइसलँडच्या किनाऱ्यावर या नावाची एकाहून अधिक बेटे आहेत. वायकिंग खलाशांनी हेच नाव दूर दक्षिणेस, इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका बेटाला दिले. ते बेट आज 'लन्डी' या नावाने ओळखले जाते.

लन्डीवर १९३९ मध्ये पफिनच्या सुमारे ३,५०० जोड्या होत्या. बेटाच्या मालकाने १९२९ मध्ये 'पफिन' व 'अर्धा पफिन' अशी नाणीच पाडली होती, आणि राजाचा नाणी पाडण्याचा हक्क मोडल्याबद्दल त्याला न्यायालयात पाच पौंड दंड झाला होता. नाणे कायद्याने थांबविले. पक्ष्यांचा ऱ्हास थांबविण्यास मात्र कोणी आले नाही. जहाजांतून आलेले उंदीर अंडी व पिल्ले खात राहिले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर केवळ मूठभर पफिन उरले. भाषेच्या अभ्यासकास असे प्रसंग परिचित असतात. ज्या झाडावरून गावाचे नाव पडले ते झाड जाते, ज्या ओढ्यावरून पडले तो आटतो, आणि नाव अर्थाविना चालत राहते. लन्डीचे नाव त्याच मार्गाला लागले होते.

ते तसे झाले नाही. २००२ ते २००४ या काळात बेटावरील उंदरांचा नायनाट करण्याची मोहीम झाली व २००६ मध्ये बेट उंदीरमुक्त घोषित झाले. त्यानंतर पफिन हळूहळू परतू लागले. २०२३ च्या मोजणीत १,३०० हून अधिक पक्षी आढळले. ज्या स्कोमर बेटावर उंदीर कधी पोचलेच नाहीत, तेथे त्याच वर्षी ४०,००० हून अधिक पफिन मोजले गेले; यावरून लन्डीचे किती नुकसान झाले होते, याचा अंदाज येतो.

अमेरिकेच्या मेन राज्यातील 'ईस्टर्न एग रॉक' या बेटाचीही कथा अशीच आहे. नावात अंडी होती, परंतु शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पफिन संपले होते. स्टीफन क्रेस या संशोधकाने १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणून, हाताने केलेल्या बिळांत ती वाढवून समुद्रावर सोडण्यास सुरुवात केली. १९८६ पर्यंत अशी साडेनऊशेच्या आसपास पिल्ले आणली गेली. पफिन जेथे इतर पफिन पाहतो तेथेच उतरतो, हे ओळखून बेटावर लाकडी पफिन उभे करण्यात आले. चार वर्षे वाट पाहिल्यानंतर १९७७ मध्ये पहिला पक्षी परत आला, आणि १९८१ मध्ये चोचीत मासे धरून एक पफिन खडकांतील बिळाकडे जाताना दिसला. पिल्लू झाल्याची ती खूण होती.

या दोन उदाहरणांतून एक मर्यादाही स्पष्ट होते. बेटावरचे संकट माणसाला दिसते, म्हणून ते दूर करता येते. उंदीर मारता येतात, शिकार थांबविता येते, बिळे बांधता येतात. परंतु पिल्लाच्या चोचीत पडणारा मासा समुद्रातून यावयाचा असतो, आणि हिवाळ्यात प्रौढ पक्षी जगतो की मरतो, हे किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर ठरते. पोपट, जोगी, विदूषक, खारविलेले पिल्लू, बेटाचा रहिवासी, इतक्या नावांनी माणसाने पफिनला ओळखले. ती सर्व नावे जमिनीवर उभे राहून दिलेली आहेत. पफिनचे रक्षण करावयाचे तर ज्या काळाला कोणत्याही भाषेने नाव दिलेले नाही, त्या काळाचे ज्ञान अधिक मिळवावे लागेल. लहान यंत्रांनी त्याचा आरंभ केला आहे. तोपर्यंत लन्डीच्या उतारावर दर एप्रिलमध्ये पक्षी उतरतात, आणि त्या बेटाच्या जुन्या नावाचा अर्थ पुन्हा खरा ठरतो.